जुन्या गाडीत एलईडी बसवल्यावर काय बिघडतं आणि ते कसं शोधायचं

मारुती 800, झेन, एस्टीम, सँट्रो, जुनी इंडिका. अशा वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या जपून चालवणारे लोक आजही गावोगाव भेटतात आणि गाडीत काही सुधारणा करायची म्हटलं की पहिला हात जातो तो दिव्यांकडे. जुना बल्ब काढायचा, एलईडी ढकलायचा, झालं काम. मग दुसऱ्या दिवशी इंडिकेटर दुप्पट वेगाने टिकटिकतो, डावा दिला की चारही दिवे लुकलुकतात किंवा बॅटरीच चार्ज होत नाही. दुकानदार बल्ब बदलून देतो आणि तक्रार तशीच राहते, कारण दोष बहुतेक वेळा त्या बल्बचा नसतोच.

जुन्या गाडीचं वायरिंग फिलामेंटचा बल्ब गृहीत धरून केलेलं असतं. तो बल्ब उजेड तर देत होताच, शिवाय फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर टिकटिकवणाऱ्या डबीला, लागणारा लोड देत होता, बंद असताना करंटला अर्थिंगपर्यंत, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या गाडीच्या पत्र्यापर्यंत, जायची वाट देत होता, डॅशबोर्डच्या मीटरमध्ये बसून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला जागं करत होता आणि पावसाळ्यात दिव्याच्या आतला दमटपणा वाळवत होता. एलईडी यातलं फक्त पहिलं काम करतो. उरलेल्यांपैकी कोणतं काम बंद पडलं, हे ओळखता आलं की दुरुस्ती अवघड राहत नाही. हा लेख 12 व्होल्टच्या, अर्थिंग निगेटिव्हला असलेल्या आणि दिव्यांवर कॉम्प्युटरचं लक्ष नसलेल्या गाड्यांसाठी आहे.

आधी जुन्या बल्बवरच गाडी ठाकठीक करा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि नंतरचे निम्मे त्रास तिथूनच उगवतात. एलईडी विकत घेण्याआधी सगळे फिलामेंट बल्ब जागेवर असू द्या आणि प्रत्येक दिवा नीट चालतो का ते बघा. लागणारं सामान थोडं आहे: साधा डिजिटल मल्टिमीटर, होल्डरला दोन वायरी जोडून केलेला 21 वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि थोडी पेट्रोलियम जेली.

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतील.

आता अर्थिंग. मागचे दिवे लावा, मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन बल्ब होल्डरच्या पत्र्याला लावा. बॅटरी पुढे आणि दिवे मागे असल्यामुळे मीटरची वायर लांब करावी लागेल. इथे जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. 0.2 व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग कमकुवत आहे. कोकणात किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत हे हमखास सापडतं: डिकीच्या कोपऱ्यातला अर्थिंगचा स्क्रू गंजलेला, होल्डरच्या आत हिरवट थर. स्क्रू काढून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, परत घट्ट बसवा, वरून जेली लावा. होल्डरमधल्या स्प्रिंगच्या पिना स्वच्छ करा.

इथे टेस्ट लॅम्प 21 वॉटचाच का, तेही सांगतो. मल्टिमीटर करंट जवळपास ओढतच नाही. वायर आतून कुजलेली असली आणि तिचा एकच धागा शिल्लक असला तरी तो 12 व्होल्ट दाखवतो. 21 वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्याच्यासमोर कुजकी वायर लगेच उघडी पडते. एलईडी मात्र मल्टिमीटरसारखाच वागतो. त्याला थोडाच करंट लागत असल्यामुळे खराब वायरवरही तो पेटतो, आणि दोष महिनोन्‌महिने झाकून ठेवतो. म्हणून वायरिंगची परीक्षा एलईडी बसवण्याआधीच घ्यायला हवी.

बल्ब घेताना

एका वेळी एकच सर्किट बदला. सगळी गाडी एका दुपारी एलईडी केली तर बिघाड कुठून आला ते कळणार नाही. काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

लाल काचेमागे लाल एलईडी, नारिंगी काचेमागे नारिंगी. पांढऱ्या एलईडीचा उजेड मुळात निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फर लावून तयार होतो, त्यात लाल रंग फार थोडा असतो. लाल काचेतून तो फिका, गुलाबीसर दिसतो आणि बराचसा उजेड काचेतच अडतो. नंबर प्लेटचा दिवा मात्र पांढराच हवा.

दुसरं, चिप्स कुठल्या दिशेला आहेत ते बघा. जुन्या दिव्यात बल्बच्या मागे परावर्तक वाटी असते आणि फिलामेंटचा उजेड बाजूंनी तिच्यावर पडतो. फक्त टोकालाच चिप्स असलेला एलईडी घेतला तर मधोमध एक प्रखर ठिपका दिसतो, बाकीची काच अंधारी राहते. बाजूंनाही चिप्स असलेला घ्या.

'कॅनबस' लिहिलेल्या महागड्या बल्बांची या गाड्यांना गरज नाही. त्यात मुद्दाम जास्त करंट ओढायची सोय असते, ती नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरला फसवण्यासाठी. इथे त्याने बल्बची उष्णता तेवढी वाढते.

इंडिकेटर: भरभर टिकटिक, की टिकटिकच नाही?

सगळ्यात जास्त तक्रारी इथे. दोन लक्षणं आहेत आणि त्यांची कारणं वेगळी.

एका बाजूला पुढे-मागे 21 वॉटचे दोन बल्ब आणि फेंडरवर 5 वॉटचा एक, असे 47 वॉट म्हणजे जवळपास चार अँपिअर होतात. एलईडी लावले की तेच अर्ध्या अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते, सर्किट तोडते, थंड होऊन परत जोडते. करंटच कमी झाला तर पट्टी तापत नाही, आणि दिवा नुसता लागून राहतो किंवा अगदी रेंगाळत टिकटिकतो. नंतरच्या गाड्यांतला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर करंट मोजतो. करंट कमी दिसला की एखादा बल्ब उडालाय असं समजून तो चालकाला इशारा म्हणून वेग दुप्पट करतो. थोडक्यात, दिवा अडकला तर फ्लॅशर बहुधा पट्टीचा, आणि भरभर चालला तर इलेक्ट्रॉनिक.

उपाय दोन्हीला एकच चांगला: एलईडीसाठी बनवलेला, लोडवर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. जुना फ्लॅशर बहुतेक वेळा डॅशबोर्डखाली किंवा फ्यूज बॉक्सजवळ असतो, टिकटिक आवाजाच्या मागे कान लावला की सापडतो. तो काढून पिना मोजा. दोन पिना असतील तर एक बॅटरीकडून येणारी, बी. दुसरी दिव्यांकडे जाणारी, एल. तीन असतील तर तिसरी ई, म्हणजे अर्थिंग. काही फ्लॅशरवर हेच 49, 49ए आणि 31 या आकड्यांनी लिहिलेलं असतं. नव्या फ्लॅशरवर बी आणि एल यांच्या जागा उलट असू शकतात, म्हणून नुसता आकार जुळतो एवढ्यावर ढकलू नका. इग्निशन चालू करून टेस्ट लॅम्पने सॉकेटमधली कोणती पिन लाइव्ह आहे ते बघा. ती बी.

दोन पिनांच्या जागी मी तीन पिनांचाच फ्लॅशर सुचवेन. दोन पिनांच्या एलईडी फ्लॅशरला स्वतःचा करंट दिव्यांमधूनच मिळवावा लागतो आणि लोड अगदी कमी असला की तो अडखळतो. तिसऱ्या पिनेसाठी जवळच्या स्वच्छ पत्र्याला एक वायर टाकायची, इतकंच जादा काम आहे. बसवल्यावर घड्याळ लावून मोजा: मिनिटाला 60 ते 120 वेळा दिवा लागला की वेग योग्य. चारही इंडिकेटर एकदम लावणारं हॅझार्डचं बटण दाबूनही तपासा. काही गाड्यांत हॅझार्डचा फ्लॅशर वेगळा असतो.

बाजारात दुसरा उपाय म्हणून लोड रेझिस्टर मिळतो, सोनेरी रंगाचा, 6 ओहम 50 वॉटचा. तो बल्बला समांतर जोडतात. काम होतं, पण 14 व्होल्टला तो 32 वॉटच्या वर उष्णता टाकतो, आणि हॅझार्ड चालू ठेवून गाडी उभी केली तर हात लावता येणार नाही इतका तापतो. प्लास्टिकच्या ट्रिमला किंवा वायरच्या जुडग्याला टेपने बांधलेले असे रेझिस्टर आग लावू शकतात. बसवायचाच असेल तर उघड्या पत्र्यावर, स्क्रूने, वायरींपासून लांब. माझं मत विचाराल तर, फ्लॅशर बदलता येत असताना रेझिस्टरकडे जाऊच नये.

डावा दिला, चारही लुकलुकले

फ्लॅशर नवा, अर्थिंग स्वच्छ, तरी एका बाजूचा इंडिकेटर दिला की चारही दिवे पेटतात. हा दोष जाणत्या वायरमनलाही फिरवतो. आधी डॅशबोर्डच्या मीटरमध्ये बघा. डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन बाण असतील तर हे कारण नाही. दोन्हींना मिळून एकच हिरवा दिवा असेल तर उत्तर तिथेच आहे.

त्या एका दिव्याची एक बाजू डाव्या सर्किटला आणि दुसरी उजव्या सर्किटला जोडलेली असते. डावा इंडिकेटर दिला की करंट त्या छोट्या दिव्यातून उजव्या बाजूच्या थंड फिलामेंटमधून अर्थिंगला जातो. छोटा दिवा पेटतो, उजवे मोठे बल्ब पेटत नाहीत, कारण एवढ्याशा करंटने त्यांचं काही होत नाही. एलईडीला मात्र तो एवढासा करंटही पुरतो.

कायमचा उपाय दोन डायोडचा. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. 1एन4007 नावाचा डायोड इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. मीटरच्या मागे त्या दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवा. डाव्या वायरीला एक डायोड, उजव्या वायरीला दुसरा. दोन्ही डायोडची पट्टी असलेली टोकं एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला जोडा. दिव्याचं दुसरं टोक अर्थिंगला. सांध्यांवर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, कारण मीटरच्या मागे उघडा सांधा ठेवणं म्हणजे शॉर्टला आमंत्रण. दोन्ही बाजूंनी येणारा करंट आता दिव्यातून फक्त अर्थिंगकडे जातो, समोरच्या बाजूला नाही.

मीटर उघडायचं नसेल तर तडजोड अशी: मागचे एलईडी करा, पुढचे दोन फिलामेंटच ठेवा. करंटला जुनी वाट मिळते. भरभर टिकटिक मात्र यातून जाईलच असं नाही.

ब्रेक आणि पार्किंग

मागच्या बल्बमध्ये अनेक गाड्यांत 21 आणि 5 वॉटची दोन फिलामेंट एकत्र असतात. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसूच नये. एलईडी बसत नाही म्हणून जोर लावून फिरवू नका. चुकीचा बल्ब आणलाय किंवा उलटा धरलाय.

बसवल्यावर एक तपासणी कधीही चुकवू नका. दुपारच्या उन्हात पार्किंग लाइट लावा, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः गाडीच्या मागे वीस-पंचवीस पावलं जाऊन उभे राहा. ब्रेक दाबलेला लगेच कळला पाहिजे. स्वस्त एलईडीत पार्किंगचा आणि ब्रेकचा उजेड जवळजवळ सारखा असतो. घाटात रात्री मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाला तुम्ही ब्रेक मारलाय हे कळलंच नाही, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. फरक स्पष्ट दिसत नसेल तर तो बल्ब काढा आणि फिलामेंट परत लावा.

पार्किंग चालू असताना ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधुक पेटणं, किंवा इंडिकेटरच्या तालावर पार्किंग मिणमिणणं, ही दोन्ही मागच्या अर्थिंगची लक्षणं आहेत. करंटला अर्थिंगला जायची नीट वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून उलटा फिरतो. पहिल्या पायरीकडे परत जा.

मीटरमधले दिवे आणि चार्जिंगचा बल्ब

मीटरचे छोटे पाचरीसारखे बल्ब एलईडी केले आणि एखादा लागला नाही, तर काढून अर्धा वळसा फिरवून लावा. एलईडीला प्लस-मायनस असतं आणि हे बल्ब दोन्ही बाजूंनी बसतात. उजेड कमी-जास्त करायचा नॉब असेल तर तो पूर्वीसारखा हळूहळू काम करणार नाही.

बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा मात्र फिलामेंटचाच राहू द्या. जुन्या अल्टरनेटरमध्ये इग्निशन चालू केल्यावर त्या बल्बमधूनच थोडा करंट आत जातो आणि फिरत्या गुंडाळीत पहिलं चुंबकत्व तयार होतं. एलईडीतून तेवढा करंट जात नाही. मग इंजिन सुरू झालं तरी चार्जिंग सुरू होत नाही, किंवा एकदा जोरात रेस दिल्यावरच होतं. काही अल्टरनेटर तरीही चालतात, पण शहराच्या गर्दीत रोज आयडलवर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॅटरीवर हा प्रयोग करायचं कारण नाही. आधीच एलईडी लावला असेल तर थंड इंजिन सुरू करून रेस न देता बॅटरीवर मल्टिमीटर लावा. वहीत लिहिलेल्या 13.8च्या जागी 12.5च्या आसपास दिसलं, तर जुना बल्ब परत लावा.

मिणमिण आणि खरखर

दरवाजे बंद केल्यावरही छतातला एलईडी अंधुक पेटत राहिला, तर बहुतेक वेळा दरवाजाच्या स्विचमध्ये ओल किंवा गंज असतो आणि तिथून थोडा करंट गळतो. फिलामेंटला तो कधी जाणवलाच नसता. स्विच काढून स्वच्छ करा. तरीही राहिलं तर बल्बला समांतर 1 किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावा. तो गळता करंट स्वतः घेतो, तापतही नाही.

दिवे लावले की आकाशवाणीवर खरखर सुरू होते, विशेषतः मध्यम लहरींवर? एलईडीच्या आतलं ड्रायव्हर सर्किट वेगाने चालू-बंद होतं, त्याचा तो आवाज. एकेक बल्ब काढून कोणता दोषी ते ठरवा. त्याच्या वायरीवर फेराइटची, म्हणजे अशी खरखर अडवणारी, क्लिप लावून बघा, नाहीतर चांगल्या बनावटीचा बल्ब घ्या.

हेडलाइट: इथे घाई नको

जुन्या गाड्यांत बहुधा एच4 बल्ब असतो, 60/55 वॉटचा. त्याच्या आत लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. परावर्तकाच्या खालच्या भागावर पडून वर फेकला जाणारा उजेड तीच अडवते, आणि त्यातूनच समोरच्याच्या डोळ्यांखाली राहणारी ती आडवी रेघ तयार होते. परावर्तकाचा प्रत्येक मिलिमीटर त्या फिलामेंटच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीच्या चिप्स जाडसर पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात. त्या थोड्या जरी मागे-पुढे असल्या तरी रेघ फुटते, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काहीच दिसत नाही. बसवणाऱ्याला मात्र रस्ता पांढराशुभ्र दिसतो, म्हणून तो खूश असतो.

हेडलाइट मंद का वाटतो, ते आधी शोधा. लो बीम लावून, इंजिन चालू ठेवून बल्बच्या कपलरवर, म्हणजे मागे बसणाऱ्या वायरींच्या जोडावर, व्होल्टेज मोजा, बल्ब जोडलेला असतानाच. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. तिथे एक-दीड व्होल्ट गळाले तर हॅलोजनचा उजेड फार पडतो: व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटलं की उजेड साधारण 30 टक्क्यांनी घटतो. अशा गाडीला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावा. बॅटरीपासून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, ती रिलेच्या 30 नंबरला. 87 नंबरवरून बल्बला. जुन्या कपलरचा करंट फक्त 85 आणि 86 या कॉइलच्या पिनांना. हाय आणि लो बीमसाठी वेगळे रिले. हे तयार किटच्या रूपातही मिळतं. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करा, परावर्तक काळवंडला असेल तर दिवा बदला. इतकं केलेला साधा 60/55चा हॅलोजन अनेक एलईडींपेक्षा चांगला रस्ता दाखवतो, आणि समोरच्याला त्रासही देत नाही. 100/90 वॉटचा बल्ब लावू नका, जुनी वायर आणि होल्डर वितळतात.

एलईडी आधीच बसवलेला असेल तर या गोष्टी तपासा. चिप्स डावीकडे आणि उजवीकडे तोंड करून आहेत का? वर-खाली असतील तर कॉलर सैल करून फिरवा. दिव्याच्या मागचं रबरी झाकण, म्हणजे बूट, एलईडीच्या फॅनवर चेपून बसलंय का? फॅन गुदमरला की बल्ब तापून आधी मंद होतो, मग जातो. बूट काढून टाकलं तर पावसाचं पाणी आत जातं. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने निघते, काच थंडच राहते, त्यामुळे जूनमध्ये काचेच्या आत जमलेलं धुकं हॅलोजनसारखं आपोआप वाळत नाही.

एलईडी मुळीच पेटत नसेल, किंवा हाय-लो उलटसुलट होत असेल, तर गाडीचं स्विचिंग बघा. काही जुन्या जपानी आराखड्यांत बल्बच्या सामाईक पिनेला कायम प्लस असतो आणि स्विच अर्थिंग जोडतो. हेडलाइट लावून सुट्या कपलरची एकेक पिन अर्थिंगसमोर मोजा, ते लगेच कळेल. अशा गाडीला दोन्ही ध्रुवांवर चालणारा एलईडी लागतो, आणि रिले किटही त्याच पद्धतीचं.

शेवटी बीम लावा. टायरमध्ये हवा बरोबर, गाडी सपाट जागेवर, समोर 10 मीटरवर भिंत. बल्बच्या मधोमध जेवढी उंची आहे तेवढीच भिंतीवर खूण करा. लो बीमची रेघ त्या खुणेच्या 10 सेंटीमीटर खाली हवी, आपल्याकडे डावीकडे किंचित वर चढणारी. भिंतीवर रेघच दिसत नसेल, नुसता पसरलेला पांढरा डाग दिसत असेल, तर स्क्रू फिरवून काही होणार नाही. तो एलईडी त्या दिव्यासाठी नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठी बीम खाली झुकलेला असावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी तपासायला न्यावी लागते. काढलेले सगळे फिलामेंट बल्ब आणि जुना फ्लॅशर डब्यात घालून, कोणता कुठला ते चिठ्ठीवर लिहून डिकीत ठेवा. तपासणीसाठी ते लागतील, आणि रात्री रस्त्यात एखादा एलईडी गेला तर दोष बल्बचा की वायरचा, हे तिथल्या तिथे कळेल.